बंद घरांपुढचं शून्य

नांदेडच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका आरोग्य प्रकल्पासाठी टीबीचं गणिती मॉडेल करायचं काम माझ्याकडे आलं. पाहणीचे आकडे घालायचे, आजार कुठे जास्त असेल याचा अंदाज काढायचा आणि त्या क्रमाने गावोगाव एक्स-रेची गाडी पाठवायची. गाडी एकच होती.

किनवटकडच्या तांड्यांच्या फॉर्मवर ओळीने ‘घर बंद’ लिहिलेलं होतं. रकाना रिकामा ठेवला की प्रोग्राम अडायचा. मी तिथे शून्य घातलं. नकळत झालं, असं नंतर स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नाही. पाहणी दिवाळीनंतरची होती आणि दिवाळीनंतर तिथे कुलपं का लागतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी निलंग्याचा. आमच्याच उसात दरवर्षी किनवटची टोळी तोडीला येते, बांधावर पाचटाच्या कोप्या घालून राहते. पण अहवालाची मुदत जवळ आली होती, आणि शून्य सोयीचं होतं.

ते तांडे यादीत सगळ्यात खाली गेले. दोन वर्षं गाडी तिकडे फिरकली नाही.

मग एका बैठकीत त्या तांड्यांत घरोघर फिरणाऱ्या आशाताई उठल्या. “सर, आमच्याकडं टीबी न्हाई म्हणं. कुलूप खोकत न्हाई, खरं हाय.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या नाही हसल्या. “माणसं कुठं जाऊन खोकून राहिली, ते कोण बघतंय?”

त्या रविवारी निलंग्याला गेलो. आमच्या उसात मोळी बांधता बांधता टोळीतली एक बाई खोकत होती. मागच्या वर्षीही हा खोकला मी ऐकला होता.

“पाचटाची धूळ हाय, दादा,” धाकटा भाऊ म्हणाला.

बाईने मान वर केली. “पावसाळ्यात कुठलं पाचट, मालक? तवा बी येतोच की.”

सोमवारी प्रकल्पप्रमुख बाईंना सांगितलं, की ते शून्य मी जाणूनबुजून घातलं होतं. त्यांनी जुनी यादी बाजूला सारली. मग म्हणाल्या, “नीट कसं करायचं ते सांगा. आजच.”

बंद घर म्हणजे ‘माहीत नाही’, असं मी मॉडेलमध्ये घेतलं. आशाताईंनी टोळ्या नेणाऱ्या मुकादमांना फोन लावून कुठली टोळी कुठल्या शिवारात आहे ते विचारलं. वर्षातले जितके महिने माणसं जिथे राहतात, तितके महिने त्यांना तिथेच मोजलं. नवी यादी आली. हिवाळ्यासाठी सगळ्यात वर निलंग्याची शिवारं होती, त्यात आमचंही.

गाडी बांधावर आली. आठवड्याने बाईचा रिपोर्ट आला. टीबीच होता. औषधं घेऊन मीही गेलो. गावी परतल्यावर गोळ्या आशाताई देणार, हे तिला सांगितलं. मग कसंबसं म्हणालो, “हे दोन वर्षं आधी व्हायला पाहिजे होतं. माझ्यामुळं राहिलं.”

माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही. कोयत्याने ओढ्यापलीकडे दाखवत म्हणाली, “तिकडं आणखी तीन टोळ्या हायत. त्यांचं तरी येळेत बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी ओढ्यापलीकडे नेली. कोप्यांसमोर रांग लागली, आणि मी वही घेऊन एकेकाचं नाव लिहायला बसलो.