वाचनालयातला उजवा कौल

पेडणे-म्हापसा रस्त्यावर मी सत्तावीस वर्षं बस चालवली. आवाज असा होता की तेरेखोलला हाक मारली तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या निवडणारी बाई "ओ" द्यायची. हॉर्न बिघडला म्हणून माझी गाडी कधी अडली नाही. अशा माणसाला निवृत्तीनंतर एका मोबाइलने गप्प बसवलं. काही उघडायला जावं, तर तो आधी परवानगी मागे, मग खात्री आहे का विचारे, मग पुन्हा विचारे. लग्न ठरवताना मला कोणी इतकं विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या वाचनालयाने दर शनिवारी म्हाताऱ्यांसाठी फोनचा वर्ग सुरू केला. शिकवणारी ग्रंथपाल म्हणजे डिचोलीची एक तरुण मुलगी. तिचा एकच मंत्र होता : "काका, आधी वाचा, मग दाबा." दोन शनिवार तिने घसा सुकवला. वाचलं कोणी नाही. अर्ध्यांचे चष्मे घरी, उरलेल्यांना घाई.

तिसऱ्या शनिवारी मी उपाय काढला. आमच्याकडे घर बांधायचं, मुलगी द्यायची, विहीर खणायची, तर देवळात कौल घेतात. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी उभा राहून जाहीर केलं, "फोनाचंही तसंच. उजव्या बाजूचं बटण म्हणजे उजवा कौल. दाबा आणि सुटा!"

काजूच्या भट्टीवर जन्म घालवलेल्या एका म्हाताऱ्याने शंका काढली, "उजवो कोणाचो? देवाचो का आपलो?"

"फोन कोणाच्या हातात आसा?"

"माझ्या."

"मग तुझो!"

आणि ते चाललं की हो. दहातल्या नऊ वेळा होय उजवीकडेच असतं. तासाभरात अख्खा वर्ग फोटो पाठवायला लागला. भट्टीवाल्याने आपल्या म्हशीचा फोटो इतक्या जणांना पाठवला की सिंधुदुर्गातून तिला गिऱ्हाईक आलं. ग्रंथपाल मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काका, हे एक दिवस अंगाशी येईल."

आलं. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी फोन म्हणाला, जागा भरली. मी दिसेल ते निवडलं, त्याने काहीतरी विचारलं, मी उजवीकडे दाबलं. फोन हलका झाला आणि मी चहा प्यायलो.

महिना संपत आला तेव्हा बायकोने धालोंची गाणी शोधायला फोन घेतला. पौषात गावच्या बायका मांडावर, म्हणजे वाड्याच्या ठरलेल्या अंगणात, दोन रांगा करून धालो खेळतात. यंदा गाणी सुरू करायचा मान तिच्याकडे आला होता. ती गाणी तिच्या मावशीला येत, दुसऱ्या कोणाला पुरी येत नव्हती. गेल्या उन्हाळ्यात आम्ही डिचोलीला जाऊन मावशीकडून सगळी गाऊन घेतली, फोनात भरली. पावसाळ्यात मावशी गेली.

बायकोने फोन चार वेळा वरखाली केला.

"गाणी खंय आसत?"

"आसतली थंयच."

"नाय हत. तुमी काय दाबलात?"

मी उजवं म्हणालो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, कारण आवाजात मी तिला हरवू शकतो. तिने फोन उपडा करून ठेवला. मांडावर बायका उभ्या राहणार, पहिली ओळ तिने उचलायची, आणि तिला अर्धीमुर्धी येते, एवढं तिच्या तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं दार उघडायच्या आत आम्ही पायरीवर. ग्रंथपालने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुसलं कधी?"

"तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "पुसलेलं एका टोपलीत जातं. तिथे महिनाभर राहतं, मग कायमचं जातं. दोन दिवस आहेत अजून."

टोपली उघडली. गाणी होती! मी लगेच हात पुढे केला. बायकोने तो असा बाजूला केला की बसचा दरवाजा आपटल्यासारखा आवाज झाला.

ग्रंथपाल मला म्हणाली, "काका, देवळात पाकळ्या लावल्यावर आधी काय करतात?"

"गाऱ्हाणं घालतात. अमुक काम करायचं असेल तर उजवी दे, असं सांगतात."

"प्रश्न न घालता कोणी कौल घेतं?"

मी सत्तर वर्षांचा. शाळेतल्यासारखे दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो.

"काकी, तुम्ही मोठ्याने वाचा."

खाली दोन बटणं होती. बायकोने चष्मा लावून गाऱ्हाण्याच्या सुरात वाचलं. डावीकडे "पुनर्संचयित करा". असं मराठी आमच्याकडे मंत्र्यांच्या भाषणातही येत नाही. "म्हणजे परत आणा," ग्रंथपाल म्हणाली. उजवीकडे "कायमचे हटवा". बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं आणि डावीकडचं दाबलं.

गाणी एकेक करून जागेवर आली. पण बायको तेवढ्यावर उठेना. दुसऱ्याच्या फोनात कसं घालायचं ते तिने तिथेच बसून शिकून घेतलं, दर वेळी विचारलेलं वाचून. दुपारपर्यंत गाणी धालो खेळणाऱ्या सगळ्या बायकांकडे आणि वाचनालयाच्या संगणकावर गेली.

मग तिने एक गाणं लावलं. पेपर वाचणारे पेपर खाली करून ऐकत राहिले. मावशीचा आवाज बारीक, पण पक्का. तिसऱ्या कडव्यापाशी मागून कोणीतरी पुरुष कौलारं हलतील एवढ्याने चहा मागतो, आणि मावशी गाणं न सोडता त्याच सुरात म्हणते, "जावयबापूनू, मातशे गप रवा!"

बायका घरी ऐकून ऐकून गाणी शिकल्या, त्यात तेही पाठ झालं. पौषात माझी बायको मांडावर उभी राहिली. पहिली ओळ तिने अशी उचलली की मागच्यांना सूर शोधावा लागला नाही. तिसऱ्या कडव्यापाशी दोन्ही रांगांनी, ताल न चुकवता, जावयबापूंना गप बसवलं. मी माडाआड उभा होतो. बसलो गप.