डोमाजींचे आकडे

डोमाजी कुठेही बसले तरी उजवी बाजू भिंतीकडे करून, भिंतीपासून वीतभर सुटून बसत. लग्नाच्या पंगतीतही त्यांची तीच जागा. कोपराखालचा उजवा हात धानाच्या गिरणीच्या पट्ट्यात गेला होता, आणि उरलेल्या टोकाला कुणाचा सदरा घासला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

आमच्या कुरखेड्याच्या घरी ते बागेचं काम पाहायला येत. अपंगांसाठीच्या शिबिरात त्यांना लोखंडी आकडीचा कृत्रिम हात मिळाला होता. त्या आकडीत धानाची मूठ धरून डाव्या हाताने विळा चालवायचा, आपलं धान आपणच कापायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण तो हात चढवला की कळ मस्तकात जाई. म्हणून तो त्यांच्या घरी खुंटीवर होता आणि पिशव्या धरण्याचं काम चोख करत होता.

"बाई, इथी गाठ आहे," पहिल्याच दिवशी त्यांनी हाताचं टोक दाखवत मला सांगितलं. मी इंग्रजीत एक पुस्तक वाचलेलं. गेलेला हात मेंदूतच दुखतो, गाठबीठ काही नसते, असं मी त्यांना समजावलं. उपायही पुस्तकातलाच. माझा आरसा उभा करून त्यात डावा हात पाहायचा, म्हणजे मेंदूला उजवा परत आल्यासारखा वाटतो. रोज चार वाजता, अर्धा तास. शेवटी दुखणं दहापैकी किती, ते मी वहीत लिही. डोमाजी आरशापुढे हात हलवत, मधूनच मिशी नीट करत. आकडा आठवरून सहावर आला, सहावरून चारवर. पावसाळा संपता संपता "एक" झाला.

मी वही घेऊन त्यांना चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेलं. खरं तर वही दाखवायलाच. डॉक्टरांनी ती कौतुकाने चाळली आणि हाताच्या टोकावर एका जागी बोटाने टिचकी मारली. डोमाजी स्टुलावरून उठले आणि जो शब्द बोलले, तो शाळेत इतकी वर्षं शिकवूनही मी ऐकला नव्हता.

गाठ होती. तुटलेली नस हात शोधत वाढत जाते, डॉक्टर म्हणाले, आणि हात सापडला नाही की स्वतःभोवतीच गुंडाळते. गाठ कापून टोक स्नायूत दडवावं लागेल.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, मग आकडे खोटे का सांगितले?

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुमी रोज पेन उघडून बसत होत्या, बाई. आकडा उतरला का तुमचा चेहरा खुले. म्या म्हटलं, दोघांतून एक जण त बरा होऊन राह्यला."

शस्त्रक्रिया झाली. पुढच्या हंगामात आकडीने धान धरून त्यांनी आपल्या शेतातली बांधी स्वतः कापली, आणि पहिली पेंढी माझ्या ओट्यावर आणून ठेवली. मी सवयीने वही उघडली.

"तीन," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहून, "खरे तीन, बाई."

मुलांनो, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझ्या गुडघ्यांची चौकशी करता, आणि मी "उत्तम" म्हणते. तुमचे चेहरे काय खुलतात!