सहा बाटल्या, एकच माणूस

"तुमच्या लघवीत रक्त सापडलंय," कंपनीचे डॉक्टर म्हणाले. मी काही विचारायच्या आत त्यांनी दुसरा कागद उचलला, मग तिसरा. "आणि तुमच्या एकट्याच्या नाही. ड्रायरवरच्या सहाही जणांच्या."

ते कागदांकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे. मला उठून जावंसं वाटलं. आजाराच्या भीतीने नव्हे, पकडलो गेलो या भीतीने. कारण त्या सहाही बाटल्या मी भरल्या होत्या.

ज्यांच्या कंपनीत वर्षातून एकदा अशी बाटली हातात देतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी मूळचा पेणच्या खारेपाटातला. वडील मिठागरावर राबले, मी धाटावला कंपनीत लागलो आणि रोह्याला बिऱ्हाड केलं. आमच्या प्लांटमध्ये रंगासाठी लागणारा कच्चा माल तयार व्हायचा. ओला माल ट्रेमध्ये पसरून ड्रायरमध्ये लावायचा, सुकला की भुकटी चाळून ड्रममध्ये भरायची. शिफ्ट संपली तरी अंगातून रंग यायचा. बनियन पिवळे, उशी पिवळी. एसटीत शेजारी कोणी बसत नसे. नाकातोंडाला बांधायला कंपनी फडकं द्यायची आणि शिफ्ट संपताना गुळाचा खडा. गूळ खाल्ला की आतला रंग ओढून बाहेर काढतो, असं सुपरवायझर सांगायचे. आम्हीही नव्या माणसाला तेच सांगायचो.

माझ्यानंतर काही वर्षांनी मी माझ्या मेहुण्याला, गजाननला, तिथेच, ड्रायरवर लावलं. माझ्या बायकोचा, सुमनचा, तो धाकटा भाऊ. घरची भातशेती आणि वालाचं थोडं पीक. त्यात भागत नव्हतं. पर्मनंट नोकरी मिळाली तेव्हा सासूबाईंनी मला कोंबडीचं जेवण घातलं होतं.

बाटल्यांचं असं झालं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर कायदा कडक झाला आणि वर्षातून एकदा लघवीची तपासणी सुरू झाली. पहिल्याच वर्षी एकाला अनफिट ठरवलं आणि तो पुन्हा फाटकाच्या आत आला नाही. त्याचं पुढे काय झालं, कोणी विचारलं नाही. आम्ही घाबरलो. मी बिडी, तंबाखू, दारू कशालाच शिवलो नव्हतो. दुसऱ्या वर्षी तपासणीच्या दिवशी बाळाराम नावाचा आमचा सोबती स्वतःची बाटली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "म्हात्रे, तुझं गंगाजल दे थोडं." मी दिलं. पुढच्या वर्षी सगळ्यांनी बाटल्या पुढे केल्या. मला आदल्या दिवसापासून ताक, उसाचा रस पाजायचे. बाळाराम ओरडायचा, "कालव्याचं पानी सोडा रे, शेतं वाट बघतायत." आम्ही हसायचो. उपकार केल्यासारखं वाटायचं मला.

सहा माणसांचे अहवाल दर वर्षी शब्दाला शब्द सारखे येत होते. डॉक्टरांच्या हे कधी ध्यानात आलं नाही का? की आलं होतं? हा संशय माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या दिवशीही ते एवढंच म्हणाले, "तपासायचं औषध खराब असेल. बघू पुन्हा कधीतरी." आणि कागद खणात गेले.

बाहेर आल्यावर मी सोबत्यांना सांगितलं. त्यांचे चेहरे उजळले. वाईट वाटलं त्यांना, खोटं नाही सांगत, पण आधी चेहरे उजळले. रक्त म्हात्र्याचं, म्हणजे आपण सुटलो. गजाननचा चेहरा तेवढा उजळला नाही. तो गूळ चघळत होता.

मला त्रास कसलाच नव्हता. लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसायची. सुमन म्हणाली, कंपनीचा डॉक्टर कंपनीचा, आपण आपला बघू. म्हणून पेणला एका सर्जनकडे गेलो. त्यांनी सांगितलं, याला मायक्रोस्कोपिक हिमॅच्युरिया म्हणतात. लघवीतलं रक्त इतकं थोडं असतं की ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. मग सोनोग्राफी झाली. मशीनवरचा माणूस पोटावर टेकवलेला दांडा एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवायला लागला, तेव्हाच मी समजलो.

मूत्राशयात गाठ होती. सर्जननी विचारलं, कामावर काय हाताळता? मला नाव माहीत नव्हतं. आम्ही त्याला 'चार नंबर' म्हणायचो. दुसऱ्या दिवशी ड्रमवरचं लेबल बघायला गेलो, तर ज्या जागी नाव असायला हवं ती जागा खरवडलेली. सगळ्याच ड्रमवर. सुपरवायझरना विचारलं तर म्हणाले, "कलरचा बेस आहे. तुला काय इंजिनियर व्हायचंय?"

हे सांगितल्यावर सर्जन म्हणाले, "नाव सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही मागितलं की द्यावंच लागतं." त्यांना अंदाज होता. अ‍ॅरोमॅटिक अमाइन, म्हणजे रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांचं एक कुळ. त्यातली काही श्वासातून आणि कातडीतून शरीरात शिरतात, लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयाला लागतात आणि वर्षानुवर्षांनी तिथे कॅन्सर करतात. मग त्यांनी विचारलं, त्या मशीनवर आणखी कोण आहे, त्यांचे अहवाल काय सांगतात?

मी म्हणालो, मागच्या वर्षापर्यंत सगळ्यांचे चांगले होते. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, मग यंदा काय झालं? मग मला सांगावंच लागलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणजे पाच माणसांची तपासणी इतक्या वर्षांत झालेलीच नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हा सहांपैकी एकालाही माहीत नव्हतं. तपासणीत दोष सापडला तर माणसाला त्या कामावरून हलवायचं आणि दुसरं, सुरक्षित काम द्यायचं, असं नियमातच आहे. अनफिट म्हणजे फाटकाबाहेर, हे आम्हाला कोणी लिहून दिलं नव्हतं. एका माणसाचं रिकामं झालेलं स्टूल बघून आम्ही ते ठरवलं होतं, आणि ते खोटं आहे असं कोणी आम्हाला सांगायला आलं नव्हतं.

पुढचं मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात. पेणहून जाताना हमरापूरच्या कारखान्यांत गणपतींना रंग देणं चाललं होतं. सुमनने खिडकीतून हात जोडले. मी रंगाच्या बरण्या बघून तोंड फिरवलं.

तिथे सिस्टोस्कोपी झाली. लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघतात. भूल देतात, घाबरू नका. मग टीयूआर, म्हणजे त्याच वाटेने गाठ खरवडून काढणं. पोट फाडत नाहीत. नंतर काही दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. पिशवीत लाल पाणी उतरताना बघवत नाही, पण हळूहळू फिकं होतं. काढलेला तुकडा बायोप्सीला, म्हणजे तपासायला गेला. कॅन्सर होता, पण वरवरचा. स्नायूत शिरला नव्हता. पुढे आठवड्याला एकदा बीसीजी. क्षयाची जी लस मुलांना टोचतात, तीच मूत्राशयात सोडतात. जळजळते, ताप येतो. सोसावं.

वॉर्डात सुपरवायझर मोसंबी घेऊन आले. इतक्या वर्षांत ते माझ्या घरीसुद्धा कधी आले नव्हते. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "बिडी ओढायचास ना तू?" मी नाही म्हणालो. "आठवून बघ." मग विचारलं, आणखी कोण कोण डॉक्टरकडे जाणार आहे. मी म्हणालो, माहीत नाही. मोसंबी सुमनने शेजारच्या पेशंटला दिली.

मी घरी येईपर्यंत बाळाराम आणि इतर तिघांनी पेणच्या सर्जनकडे स्वतःच्या बाटल्या दिल्या होत्या. चौघेही चांगले निघाले. गजानन गेला नव्हता. आधी वालाची काढणी होती म्हणाला, मग अंगात कसर. माझ्या मनात पाल चुकचुकली. बाटली घेऊन सगळ्यांच्या आधी माझ्यापाशी यायचा तो गजानन, हे मला आत्ता आठवत होतं. त्याच्या बायकोने सुमनजवळ बोलता बोलता काढलं, की यांना बरेच महिने मधूनमधून लाल लघवी होते. गूळ काम करतोय, रंग उतरतोय, असं ते म्हणतात.

आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. पडवीत तो वालाच्या शेंगा झोडत होता. मी सरळ विषय काढला. त्याने काठी थांबवली नाही.

"भावोजी, माज्या लघवीच्या मागं का लागलाव?"

मी आजाराचं सांगू लागलो.

"तुमी आता घरी बसनार. पोरगा तुमचा बारावी झालाय. माजी जागा खाली झाली की त्याला चिकटवायचा, नाय का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खरं सांगायचं तर मुलाला कंपनीत लावायचा विचार मी आजारपणाआधी सुपरवायझरजवळ बोललो होतो. ते गजाननच्या कानावर गेलं असणार. मी गप्प झालो आणि माझं गप्प होणं त्याला पुरावा वाटला.

सुमन उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "गजा, हे तुज्यासाठी वर्सानुवर्सं खोटं वागले तवा तुला संशय नाय आला. आज खरं बोलतायत तर येतोय व्हय?"

त्याने काठी टाकली आणि तो शेताकडे निघून गेला. आम्ही चहा न घेता परतलो.

मला वाटलं, याने खरं बोलावं तर आधी मीच खरं बोलायला हवं. कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी डॉक्टरांकडे गेलो आणि सांगितलं, सहाही बाटल्या माझ्या होत्या, ड्रमवरची नावं खरवडलेली आहेत. त्यांनी सगळं लिहून घेतलं. या साहेबांचा आणि कंपनीचा चहा एकाच किटलीतला तर नाही ना, असं परतीच्या वाटेवर सारखं वाटत राहिलं. कंपनीने मला फसवणुकीची नोटीस काढली. नोकरी गेली असं धरून मी घरी बसलो.

पुढच्या आठवड्यात बीसीजीनंतर दाखवायला पेणला गेलो, तर सर्जनच्या बाकावर गजानन. नोटिशीचं त्याच्या कानावर गेलं असणार. माझ्याकडे बघितलं नाही. त्याला बाटली देऊन आत पाठवलं. मी संडासाच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. आतून आवाज आला, "भावोजी, विश्वास नसंल तर दार उघडं ठेवू?"

"ठेव," मी म्हणालो.

बाकावरची माणसं हसली. दार किलकिलं झालं. मी बघितलं नाही, पण हललोही नाही.

त्याच्या लघवीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या. या तपासणीला सायटॉलॉजी म्हणतात. गाठ माझ्या गाठीपेक्षा मोठी निघाली, पण डॉक्टर म्हणाले, आणखी एक वर्ष गेलं असतं तर मूत्राशयच काढावं लागलं असतं. ते एक वर्ष माझ्या बाटलीने घालवलं असतं. आधीची वर्षं तर घालवलीच.

सरकारी डॉक्टर खरंच आले. त्यांनी स्वतः समोर उभं राहून सगळ्यांची तपासणी केली. कंपनीने नोटीस मागे घेतली आणि मला व गजाननला पाण्याच्या पंपावर दिलं. त्या साहेबांवर मी उगाच संशय घेतला होता. सुमन, पेणचे सर्जन, रुग्णालयातल्या सिस्टर, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. मुलगा कंपनीत जाणार नाही. गजानन आणि मी आता दर तीन महिन्यांनी दुर्बिणीच्या तपासणीला एकाच गाडीने जातो. तो माझ्याशी मोजकंच बोलतो. कोंबडीचं जेवण पुन्हा झालेलं नाही. त्याचा मला राग नाही.

संशय घेणं वाईट असं मी आता म्हणत नाही. आम्ही तो एकमेकांवर घेतला, डॉक्टरांवर, साहेबांवर घेतला. रोज हाताला लागणाऱ्या भुकटीवर मात्र घेतला नाही.

ड्रायरवर आता ठेकेदाराची माणसं आहेत. बरीचशी डोलवीच्या पोलाद कारखान्यातलं काम सुटलं म्हणून इकडे आलेली. कंपनीच्या हजेरीपटावर त्यांची नावं नाहीत, म्हणून त्यांच्या हातात बाटलीही येत नाही. मी सरकारी डॉक्टरांना हे कळवलं आहे. तोवर शिफ्ट सुटताना फाटकाशी थांबतो आणि एकेकाला विचारतो, लघवी लाल होते का? काही हसतात. एकाने विचारलं, तुमाला कंपनीनं पाठवलाय काय? मला त्याचं नवल वाटलं नाही.

परवा एक जण मागे राहिला. माझ्याच वयाचा. बाकीचे बसमध्ये चढेपर्यंत चप्पल झटकत उभा होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हते. पन कुनाला सांगू नका."

मी म्हणालो, "मी नाय सांगणार. तू तुझ्या तोंडानं सांग. उद्या माझ्याबरोबर पेणला चल."