सांडव्यापाशी

"कालव्यावर पदवी देतात?" बाबा हसले होते. "आमच्या गावी पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला कुणी चहासुद्धा विचारत नसे!"

आमच्या घरातून युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिलीच. मी काय शिकते ते कळावं म्हणून बाबा रविवारी माझ्याबरोबर आम्ही राहतो त्या पाँटीपूल गावच्या कालव्याकाठी यायचे. मी सांगायचे, या डोंगरातला कोळसा नावांत भरत आणि काठावरून घोडे त्या नावा ओढत न्यूपोर्टच्या बंदराकडे नेत. जिथे नावा थांबत तिथे दुकानं झाली, चॅपल झालं, घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. आपली रांगही त्यातलीच असावी. पुलाच्या दगडाला नावांच्या दोरांनी पडलेल्या खाचेत बोट घालून बाबा म्हणायचे, "बिचारे घोडे."

शेवटी हॉस्पिटलमध्ये म्हणाले, "मला त्या कालव्यातच सोडा. तिथे बरं वाटतं."

बाबा गेले. रक्षेचा डबा घेऊन आई काठावर उभी राहिली आणि तिने विचारलं, "हे पाणी समुद्राला मिळतं ना गं?"

रेल्वे आली, नावा बंद झाल्या, पुढे कालव्यावर रस्ते आले. पाणी वाटेतच अडतं. हे मी डिसर्टेशनमध्ये लिहिलं होतं, तेव्हा ते नुसतं एक वाक्य होतं.

"नाही, आई."

"मग नको. साचलेल्या पाण्यात कसं सोडू त्यांना?"

"पण बाबांनीच सांगितलं होतं."

"त्यांना काय जातंय सांगायला!" म्हणाली आणि रडायला लागली.

मला सांडवा आठवला. कालवा भरला की जादा पाणी त्यावरून खाली नदीत पडतं, आणि नदी समुद्राला जाते. तसं तिला सांगितलं. आम्ही तिथवर चालत गेलो.

आईने तिथे कालव्याच्या पाण्यात डबा रिकामा केला. पण बरेच दिवस पाऊस नव्हता. सांडव्यावरून पाण्याची जेमतेम एक पातळ धार जात होती. राख सांडव्याच्या दगडापाशी आली आणि वाळक्या पानांत अडकून राहिली. पाऊस नाही म्हणजे धार बारीकच असणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, खरं तर यायला हवं होतं.

आई कोटासकट खाली बसली. गार पाण्यात हात घालून हलकेच पाणी पुढे लोटू लागली.

"अहो," ती म्हणाली, "चला ना आता."

मीही शेजारी बसून पानं बाजूला केली. राख थोडी थोडी खाली गेली. आई मात्र पाण्यातला हात काढेना.