राखून ठेवलेली वेणी

मोंपोस गावात नदीकाठी उबाल्दिना लोकांचे कपडे शिवायची, पण मनानं ती कादंबरीकार होती. कादंबरी अजून सुरू व्हायची होती, एवढंच. पहिल्या प्रकरणात काळे असलेले डोळे नवव्यात घारे झाले, असली फजिती तिला नको होती. कागदावर तिचा भरवसा नव्हता, वाळवी खाते. म्हणून तिनं पात्रं शेजाऱ्यांच्याच अंगावर टांगून ठेवली होती. खलनायकाची मिशी एलिओदोरो नावाड्याची, नायिकेची कमरेपर्यंतची वेणी जिवलग मैत्रीण निकोलासाची.

संध्याकाळी सगळी गल्ली झुलत्या खुर्च्या दाराबाहेर काढून बसली की उबाल्दिना पाहणीला निघायची. एकदा एलिओदोरो तुळतुळीत चेहऱ्यानं बसलेला सापडला.

"मिशी कुठाय?"

"काढली. उकडतंय किती!"

"मेल्या, चौथ्या प्रकरणात तिला पीळ देऊन तू धमकी देणार होतास."

"हनुवटी खाजवून देतो की."

मिशी परत येईपर्यंत ती त्याच्या होडीत बसली नाही. गल्लीनं धसका घेतला. पण कादंबरीत यायची हौस सगळ्यांनाच होती, त्यामुळे कुणी फारसं बिघडत नसे.

मग एका संध्याकाळी निकोलासाच तिच्या दारात येऊन बसली.

"तुझी मोठी कात्री आण. वेणी कापायचीय."

"खुळी का काय तू! आधी कादंबरी होऊ दे."

"सुरू कधी करणारेस?"

"तपशील पक्के झाले की."

"मागांगे गावच्या त्या सुतारानं मला मागणी घातली, तेव्हा तू म्हणालीस, नायिका गाव सोडत नाही. मी नाही सोडलं." निकोलासानं वेणी पुढे घेतली. "किती वर्षांची गं तुझी नायिका?"

"एकवीस."

वेणी शेंड्यापर्यंत पांढरी होती. इतकी वर्षं रोज पाहणी करूनही उबाल्दिनाला ती काळीच दिसत आली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं कात्री आणली.

दुसऱ्या दुपारी, गल्ली झोपलेली असताना, ती पहिल्यांदा कागद घेऊन बसली.

संध्याकाळी निकोलासा मोकळी मान चोळत खुर्चीत झुलत होती. "काय लिहिलंस?"

"नायिका गेली. सुताराबरोबर."

"बरं झालं. एकीनं तरी जायला हवं होतं." तिनं पाय टेकवून खुर्ची थांबवली. मग म्हणाली, "त्याचे डोळे घारे ठेवलेस ना?"