अर्धा स्वर खाली

बोरहान बेस गिटार वाजवतो. 'जेरम' हा आमचा रॉक बँड ज्या चौघांनी काढला, त्यांतला तो एकटाच आता उरलाय. ड्रमवाला अल्लाच्या घरी गेला, गिटारवाल्याने दुरियानची बाग घेतली आणि गायक हालिम गुडघ्यांपायी क्वांतानला मुलीकडे जाऊन बसला. त्यांच्या जागी आलेल्या पोरांची नावं तोंडात बसायच्या आत पोरं बदलतात, मेली! मी पडलो साउंडवाला, माझं कोण ऐकतं?

दौऱ्यावर निघालो की पोरं मागे मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात. बोरहान पुढे माझ्या शेजारी. त्याला एकच ध्यास, हालिमने परत यावं. त्याच्याशिवाय स्टेजवर परक्या घरी आल्यासारखं वाटतं, म्हणायचा. हालिमही फोनवर त्याला झुलवायचा, "गुडघे गेले रे, गळा तसाच आहे. खुर्ची टाक, बसून गातो."

गळा कुठला तसाच! शेवटी शेवटी वरचा सूर लागेना, तेव्हा बोरहाननेच गुपचूप सगळ्यांच्या तारा अर्धा स्वर खाली उतरवायला लावल्या होत्या. हालिमला पत्ताच नाही. तो आपला खुशीत गायचा.

परवा मुआरला एका लग्नात दुपारी वाजवत होतो, तर मांडवात हालिम! नवरीच्या बापाचा दोस्त निघाला. लग्नात पाहुण्यांपैकी कुणाला तरी गायला ओढतातच. आमच्या नव्या गायकाने, इझातने, थोरल्या भावाला मारावी तशी अदबीने हाक मारली, "अबांग हालिम, एक तरी होऊन जाऊ दे!"

हालिम काठी टेकत वर आला. बोरहानचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. त्या आनंदात त्याच्या हातांनी सवयीने तारा उतरवल्या. नव्या गिटारवाल्याला सांगायचं मात्र राहिलं.

पहिल्याच ओळीला सगळं बेसूर. रेंदांग खाणाऱ्यांचे हात थांबले.

"अबांग बोरहान, तुमच्या तारा अर्धा स्वर खाली आहेत!" गिटारवाला पोरगा ओरडला.

"हालिम गाताना खालीच लावायच्या असतात," बोरहान बोलून गेला.

हालिम वळला. "कधीपासून?"

बोरहान मान खाली घालून तारा परत चढवायला लागला.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

हालिम लोकांकडे बघून हसला. नवरा-नवरीला दुवा दिली आणि माइक इझातच्या हातात ठेवला. "गा बाबा, तुझ्या पट्टीत गा." मग न जेवताच निघून गेला. बोरहानला मागे धावता येईना, कार्यक्रम अर्धा बाकी होता. त्या गिटारवाल्या पोराच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं मला वाटलं, पण त्याचं तरी काय चुकलं?

परतताना गाडीत फोन वाजला. हालिमच होता. बोरहानला कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालूच असतो.

"मलाक्काला लोकांनी मला खांद्यावर उचललं होतं," हालिम म्हणाला. "त्या दिवशीसुद्धा?"

बोरहानने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोल, मी मनात म्हणत होतो, बोल की लेका!

"त्या दिवशीसुद्धा," बोरहान म्हणाला.

फोन कुणीच ठेवला नाही. बराच वेळ तो तसाच चालू होता.