कॅमेऱ्याशेजारचा कांदा

घाईत असलेल्या माणसाला कॅफेवाल्या काकू खुर्चीच देत नसत. शिरूरच्या एसटी स्टँडमागे एका गाळ्यात त्यांचा सायबर कॅफे होता. कुणी धापा टाकत आलं की त्या माठातलं पाणी पुढे करत आणि म्हणत, "आधी पाणी पी. जगबुडी आली तर मी सांगंन."

काकूंचे वडील बैलांचे व्यापारी. त्यांच्यामागे बाजार हिंडतच त्या मोठ्या झाल्या. बैलबाजारात किमतीचा सौदा उपरण्याखाली बोटं धरून होतो, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. ती रीत काकूंनी कॅफेत आणली होती. लिलावाच्या साइटवर कुणी बोली लावायला बसलं, की आकडा टाकताना त्याच्या बोटांवर त्या आपला नॅपकिन टाकत. हा आकडा आता साऱ्या देशाला दिसणार, असं मी त्यांना समजावून पाहिलं. "देशाला दिसू दे," त्या म्हणाल्या, "शेजारच्या खुर्चीवरच्याला नको."

मी त्यांच्याकडे गेलो तो व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. रांजणगावची कंपनी सुटली होती. हाती आलेल्या पैशांतून कॅमेरा घ्यायचा आणि लग्नांचं शूटिंग करायचं, असं मी ठरवलं होतं. ते पैसे बुडाले असते तर माझ्याकडे दुसरा डाव नव्हता. लिलावात एक वापरलेला, पण चांगला कॅमेरा दिसला. विकणारा दौंडचा. लिलाव माझ्या नावावर सुटला तसा त्याचा मेल आला. साइटवरून कशाला, थेट माझ्या खात्यात भरा, कमी करून देतो. आपण एकाच भागातले, मला भाऊच समजा. मी विरघळलो. आपल्याकडचा माणूस दिसला की त्याला सोयरा मानायचं, ही आम्हा लोकांची जुनी खोड.

काकूंनी साइटवरचा कॅमेऱ्याचा फोटो पाहिला. "ह्यो तर कंपनीच्या जाहिरातीतला फोटो. वडील म्हणायचे, दावणीला बांधलेला बैल कुणाचाबी देखणा दिसतो, चालवून बघावा. त्याला म्हणावं, कॅमेऱ्याशेजारी कांदा ठेव आन् फोटो काढून पाठव."

"कांदा?"

"आपल्याच भागातला हाय ना? मग घरात कांदा असंलच."

मेल गेला. उत्तर आलं ते चिडलेलं. विश्वास नसेल तर राहू द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, घ्यायचा तर संध्याकाळपर्यंत पैसे भरा. मला राग आला तो काकूंचाच. "तुमच्या कांद्यापायी माझा कॅमेरा जाणार," मी म्हणालो.

काकू प्रिंटरमध्ये कागद भरत होत्या. "इकायची घाई त्याला हाय, मग तू कशाला पळतो? दौंड काय इलायतेत न्हाई. यष्टीत बस, आन् बघून ये."

गेलो. मेलमधल्या पत्त्यावर घर होतं. दार उघडणाऱ्या बाईंनी मला वरून खाली न्याहाळलं. "तुमीबी कॅमेऱ्याचेच का? काल एक जण येऊन गेले. पैसे भरून बसलेत बिचारे. असा कुणी माणूस हितं ऱ्हात न्हाई." परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात काकूंच्या पाया पडत होतो.

पुढे साताऱ्याच्या एकाने कुरकुर न करता फोटो पाठवला. कॅमेऱ्याला टेकून चांगला मोठा कांदा आणि मागे त्याची हसणारी बायको. "ह्यो चालणारा बैल," काकू म्हणाल्या. तरी पैसे त्यांनी साइटमार्फतच भरायला लावले, माल माझ्या हातात पडल्यावरच विकणाऱ्याला मिळतील असे. त्या कॅमेऱ्यावर माझं घर चाललं.

काकू गेल्या तेव्हा कॅफेही बंद झाला. मला त्यांची फार आठवण येते. त्यानंतर काही महिन्यांनी नवा कॅमेरा घ्यायचा म्हणून मी जुना लिलावाला लावला. तो पाबळच्या एका तरुणाला लागला. त्याने फोन केला, "तुम्ही आपल्याच भागातले, काका. खाते नंबर द्या, आत्ताच भरतो." मी त्याला थांबायला सांगितलं. स्वयंपाकघरातून कांदा आणला, कॅमेऱ्याशेजारी ठेवून फोटो काढला आणि पाठवून दिला.

पुन्हा फोन आला. "काका, कांदा कशाला?"

"आधी पाणी पी," मी म्हणालो, "मग सांगतो."